पापणी न लवता

माझ्या दोनशे पानी वहीत डोळ्यांसाठी वेगळा भाग उघडावा लागला, तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. वहीत तोवर चार भाग होते: वाणसामान, मुलांची शिक्षणं, सासूबाईंची औषधं आणि घरातल्या दुरुस्त्या. ‘डोळे’ हा पाचवा. त्याला मी आठ पानं राखून ठेवली आणि तीही जास्तच होतील असं मला वाटलं. अडीच वर्षांत ‘डोळे’ दुरुस्त्यांच्या पानांवर घुसले, आणि गळक्या नळाच्या खाली ‘उजवा जास्त, डावा कमी’ असं लिहिलेलं सापडू लागलं.

ऐंशीचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. आम्ही अंधेरी पूर्वेला राहायचो आणि माझी नोकरी साकीनाक्याला, औषधांच्या एका कारखान्यात. इंजेक्शनचं औषध काचेच्या ज्या छोट्या बंद कुप्यांमध्ये येतं, त्या ॲम्पुल तपासण्याचं माझं काम. समोर लाकडाची उघडी पेटी. तिची मागची बाजू अर्धी काळी, अर्धी पांढरी, आणि वर ट्यूबलाइट. खोलीत बाकी उजेड नाही. दोन ॲम्पुल चिमटीत धरायच्या, उलट्या करायच्या, सुलट्या करायच्या, आधी काळ्यासमोर धरायच्या, मग पांढऱ्यासमोर. काळ्यावर काचेचा कण आणि कापसाचा धागा चमकतो, पांढऱ्यावर काळी कसपटं दिसतात. दोन्हीकडे मनात पाच-पाच अंक मोजायचे. आणि पाच मोजून होईपर्यंत पापणी लवू द्यायची नाही. कारण कण फिरतो तो तेवढाच वेळ. एकदा तळाशी बसला की औषध निर्मळ दिसतं.

हा पापणीचा नियम कुठे लिहिलेला नव्हता. मला तो एका वयस्कर बाईंनी शिकवला, त्यांना आणखी कुणी शिकवला असणार. पुढे शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं. नवीन मुलगी आली की मी तिच्यासमोर बसायची. तिची पापणी मध्येच लवली की टेबलावर लाकडी पट्टी वाजवायची. पहिल्या दिवशी मुली हसायच्या, दुसऱ्या दिवशी रडकुंडीला यायच्या, आठवड्याभरात तयार व्हायच्या. वीस वर्षांत मी तयार केलेल्या सगळ्या मुलींची यादी माझ्याकडे होती. मला तिचा अभिमान होता, हे सांगायला हवं.

डोळ्यांचं दुखणं एकदम आलं नाही. आधी सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या आणि बोटाने सोडवाव्या लागायच्या. मग दुपारी जेवणानंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटू लागलं. साकीनाक्याला लोखंडाची, प्लॅस्टिकची, रंगाची इतकी वर्कशॉप्स आहेत की डोळ्यांत काही गेलं याचं कुणाला नवल नाही. मी पाणी मारायची आणि पुन्हा बसायची. मग डोळे वाहू लागले. काम करताना नाही, काम संपल्यावर. बसच्या रांगेत उभी राहिले की दोन्ही गालांवरून पाणी. ओळखीच्या बायका चौकशी करायच्या.

घरी सासूबाई होत्या. त्या मालवणहून मुंबईला येऊन पन्नास वर्षं झाली होती, पण बोलणं तिथलंच. मी दारातून आत आले की त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या.

“रडतंस कित्याक गो? कोणी काय बोलला काय तुका?”

“नाही हो आई. आपोआप येतं पाणी.”

“आपोआप कोणाक रडूक येता?” त्या म्हणायच्या, आणि मग आतल्या खोलीकडे तोंड करून माझ्या नवऱ्याला, “अरे, तू काय बोललंस काय हिका?”

नवरा बिचारा पेपरातून डोकं वर काढायचा. त्याने काही केलेलं नसायचं. पण महिन्याभरात शेजारच्या दोन घरांत आमचं पटत नाही अशी बातमी गेली.

सासूबाईंनी आधी मीठ-मिरच्या ओवाळून माझी दृष्ट काढली. मिरच्यांच्या धुराने जे व्हायचं ते झालं. मग एके रात्री झोपताना त्यांनी माझ्या दोन्ही डोळ्यांत पातळ केलेल्या तुपाचा एकेक थेंब सोडला. पुढचे दोन-तीन तास सगळं धुरकट दिसलं, पण वाळू थांबली. मी वहीत लिहिलं: ‘तूप. तीन तास बरं.’ या ओळीबद्दल पुढे सांगते.

डॉक्टरांकडे जायचं तर शुक्रवारी. आमच्या भागातल्या कारखान्यांना विजेच्या वाटपामुळे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असायची. एरवी खाडा करून डॉक्टरकडे जाणं मला पटत नसे. माझी तयारी ठरलेली होती. सकाळी उशिरा उठायचं, म्हणजे डोळ्यांना आराम. न्हायचं. गुलाबपाण्यात कापूस भिजवून तासभर डोळ्यांवर ठेवून पडायचं. इस्त्रीची साडी नेसायची. माझी आई सांगायची की आजारी माणसाने गबाळं दिसू नये, डॉक्टर आधी माणूस बघतो आणि मग आजार. मी ते आयुष्यभर पाळलं होतं.

शिवाय यादी. वहीतल्या पंधरा दिवसांच्या नोंदी मी एका कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवायची, महत्त्वाच्या क्रमाने. पहिल्या नंबरावर कायम एकच गोष्ट: ‘डोळ्यांतून पाणी येतं.’ कारण ते सगळ्यांना दिसत होतं आणि लोकांना उत्तरं मलाच द्यावी लागत होती. ‘वाळू गेल्यासारखं’ हे चौथ्या नंबरावर. तुपाची ओळ मी पक्क्या कागदावर उतरवलीच नाही. डोळ्यांत तूप घातलं म्हटल्यावर डॉक्टर काय म्हणतील हे मला माहीत होतं.

पहिले आमचे नेहमीचे डॉक्टर. त्यांनी यादी हातात घेतली, पहिली ओळ वाचली आणि कागद टेबलावर ठेवला.

“ॲलर्जी. धूळ आहे ना तिकडे तुमच्या कारखान्यात?”

“कारखाना स्वच्छ आहे. चप्पलसुद्धा बाहेर काढतो आम्ही.”

“रस्ता तर स्वच्छ नाही ना? तो तुमच्या साहेबाचा नाही.” ते हसले आणि थेंब लिहून दिले. “आणि जरा समुद्राच्या हवेवर जाऊन या.”

थेंबांनी आठ दिवस बरं वाटलं, नंतर पहिल्यासारखं. समुद्राच्या हवेसाठी नवरा मला पुढच्या शुक्रवारी अर्धी रजा टाकून वर्सोव्याला घेऊन गेला. किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले होते आणि वारा नुसता सुटला होता. दहा मिनिटांत माझे डोळे इतके चुरचुरायला लागले की मी पदर तोंडावर ओढून खाली बसले. बांबूंवरचे बोंबील उलटे करणारी एक कोळीण थांबून बघत राहिली.

“बाय, मिरच्या कुटून आलीस काय?” तिने विचारलं. मग माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, “घरी ने तिला. हा वारा बोंबील सुकवायला हाय, माणसांना नाय.”

तोवर मला भेटलेल्या लोकांत दुखण्याच्या सगळ्यांत जवळ गेली ती तीच. पण तेव्हा ते मला कळलं नाही. मी वहीत लिहिलं: ‘समुद्राची हवा. उपयोग नाही.’

दुसरे डॉक्टर डोळ्यांचे, अंधेरीलाच स्टेशनजवळ. त्यांनीही पहिली ओळ वाचली. पाणी वाहतं म्हणजे डोळ्यांतून नाकात जाणारी नळी तुंबली असणार. त्यांनी पापणीच्या कोपऱ्यात बारीक सुई घालून मिठाचं पाणी सोडलं.

“घशात खारट लागलं?”

“लागलं.”

“म्हणजे नळी मोकळी आहे.” त्यांचा आवाज जरा नाराज वाटला. महिन्याने त्यांनी पुन्हा तेच केलं. पुन्हा खारट लागलं. तिसऱ्यांदा मी गेले नाही.

तिसरे मुलुंडला, कुणीतरी फार नाव घेतलं म्हणून. दोन बस बदलून गेलो. त्यांनी दिवे लावून, भिंगं बदलून पाऊण तास तपासलं. त्यांनी बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ दिला हे मी मान्य करते. चष्म्याचा नंबर थोडा बदलला, खाली वाचायची काच घातली. मग यादी पूर्ण वाचली, बावीसच्या बावीस मुद्दे, आणि माझ्याऐवजी नवऱ्याकडे बघून म्हणाले, “इतकं बारीक लक्ष ठेवलं की होतंच असं. या वयात बायकांचं मन जरा हळवं होतं. भजनाला वगैरे जातात का?”

नवरा म्हणाला, “नाही. ती यादी करते.”

त्याने ते माझी बाजू घेऊन म्हटलं होतं. डॉक्टर हसले. मला राग आला होता असं नाही. मी दमले होते. दर पंधरा दिवसांनी स्वतःच्या दुखण्याची पक्की प्रत काढायची, ती कुणाच्या तरी टेबलावर ठेवायची आणि तिची पहिली ओळ वाचली जाताना बघायची, याचा मला कंटाळा आला होता.

तोवर कामावर वेगळंच सुरू झालं होतं. माझ्या ट्रेमध्ये बाद ॲम्पुलची संख्या वाढली. मला औषधात धागा दिसायचा, पांढरा, बारीक, हळूच तरंगणारा. मी ॲम्पुल बाद करायची. आमचे सुपरवायझर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण कामात चोख. त्यांनी माझ्या बाद ॲम्पुल दुसऱ्या पेटीवर बघितल्या.

“बाई, यातल्या निम्म्याहून जास्त चांगल्या आहेत.”

“धागा होता साहेब. मी बघितला.”

“मला दाखवा.”

मी ती ॲम्पुल घेतली, उलटी केली. धागा होता. सुलटी केली, होता. मग ॲम्पुल खाली ठेवून पेटीच्या रिकाम्या काळ्या बाजूकडे बघितलं. धागा तिथेही होता. तो माझ्याच डोळ्यात होता, चिकट, आणि नजर हलली की हलत होता. मी सुपरवायझरांना हे सांगितलं नाही. “पुन्हा बघते,” एवढंच म्हणाले.

त्यांना वाटलं मी निष्काळजी झाले. त्यांचा दोष नाही. कारखान्यात दर सहा महिन्यांनी होणाऱ्या डोळ्यांच्या तपासणीत मी भिंतीवरच्या तक्त्याची खालची ओळ धडाधड वाचली होती. कागदोपत्री माझे डोळे उत्तम होते. उत्तम डोळ्यांची बाई चांगला माल बाद करते म्हणजे तिचं लक्ष नाही. त्यांनी दोनदा तोंडी समज दिली आणि तिसऱ्यांदा पॅकिंगचं नाव काढलं.

पॅकिंगमध्ये वाईट काही नव्हतं. उभं राहून खोक्यांत ॲम्पुल भरायच्या, वर चिठ्ठी लावायची. पण बेफिकीर ठरून तिकडे जायचं मला जमणार नव्हतं. वीस वर्षं मी त्या पेटीसमोर बसले होते. कोणत्यातरी दवाखान्यात कुणाच्या तरी दंडात जाणारं औषध आधी माझ्या नजरेखालून जात होतं. मला माझी जागा हवी होती आणि ती जाणारच असेल तर खऱ्या कारणाने जायला हवी होती. त्यासाठी कुणीतरी माझ्या दुखण्याला नाव द्यायला हवं होतं. नाव नसलेलं दुखणं सुपरवायझरांच्या टेबलावर ठेवता येत नाही.

माझ्या शेजारच्या पेटीवर घाटकोपरची एक मैत्रीण बसायची. तिला मीच शिकवलं होतं, पण आता बरोबरीची झाली होती, तोंडाने फटकळ.

“तू ना, चांगल्या ॲम्पुल थोड्या सोडून दे,” ती म्हणाली. “एवढं काय बाद करतेस? वाट लागेल तुझी.”

मी तेच केलं. मला ते लिहायला आवडत नाही. धागा दिसला की मी स्वतःला सांगायची, हा आपल्या डोळ्यातला आहे, जाऊ दे. महिनाभर माझे आकडे सुंदर आले.

आमच्याकडे एक पद्धत होती. सुपरवायझर महिन्यातून एकदा न सांगता ट्रेमध्ये दोष असलेल्या ॲम्पुल मिसळायचे. त्यांच्या बुडाला बारीक खूण असायची, ती फक्त त्यांनाच माहीत. किती पकडल्या यावरून आमची परीक्षा. वीस वर्षांत मी एकही सोडली नव्हती. त्या बुधवारी मी एक सोडली.

सुपरवायझरांनी ती ॲम्पुल माझ्या हातात दिली. मी उलटी केली, मोजलं. काचेची कपची होती, नखाच्या कडेएवढी. ती वर चढली आणि काळ्यासमोर लख्खकन चमकली. ती चमक मी सकाळी बघितली होती. बघून, माझ्या डोळ्यातली आहे म्हणून सोडून दिली होती.

“उद्यापासून पॅकिंग,” ते म्हणाले. “लेखी सोमवारी देतो.”

मी जागेवर आले. डोळे आता नेहमीसारखे वाहत नव्हते, नुसते भाजत होते, आणि दिव्याकडे बघवत नव्हतं. मैत्रिणीने माझा दंड धरला.

“चल.”

“कुठे?”

“घाटकोपरला. माझ्या मावशीचा मोतीबिंदू काढला ना, तो दवाखाना. ट्रस्टचा आहे. दुपारची ओपीडी असते.”

“आज? अगं, मी अशी? शुक्रवारी जाऊ. यादीपण घरी आहे.”

“तुझ्या यादीला घाल चुलीत. उठ.”

तिने आमची दोघींची अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मला बसमध्ये बसवलं. अंगावर कारखान्यातला पांढरा कोट तसाच होता. केस टोपीने चपटे झालेले, तोंड धुतलेलं नाही, आणि डोळे आठवड्याच्या पाच दिवसांनंतर जसे असायचे तसे. मला लाज वाटत होती. दवाखान्याच्या बाकावरही मी पदराने तोंड पुसायचा प्रयत्न केला, तर मैत्रीण म्हणाली, “लग्नाला नाही आलोय आपण.”

डॉक्टर बाई होत्या, साठीच्या पुढच्या, जाड काचांचा चष्मा. हातात कागद नसल्याने मला कुठून सुरुवात करावी ते समजेना.

“काय होतंय?”

“डोळ्यांत वाळू आहे,” मी म्हणाले. चौथ्या नंबरचा मुद्दा तोंडातून पहिला आला.

“कधीपासून?”

“अडीच वर्षं.”

त्या लिहायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं माझ्या कोटाकडे बघतायत.

“काम काय करता?”

मी सांगितलं. पेटी, काळं, पांढरं, पाच अंक.

“तुम्ही माझ्याशी बोलायला लागल्यापासून एकदाच पापणी मिटलीत,” त्या म्हणाल्या. “घरीपण असंच बघता?”

“हिला सवय आहे,” मैत्रीण मागून म्हणाली. “आम्हाला पट्टीने शिकवलंय हिने.”

डॉक्टरांनी दोन्ही पापण्या उलटून बघितल्या. तोंड कोरडं पडतं का, कोरडी पोळी पाण्याशिवाय उतरते का, सांधे दुखतात का, पाळी बंद झाली का. हे मला अडीच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं आणि माझ्या बावीस मुद्द्यांतही यातलं काही नव्हतं. पाळी मागल्याच वर्षी बंद झाली होती. ती डोळ्यांच्या भागात लिहायची असते हे मला कसं कळणार?

“कशाने बरं वाटतं?”

मी कोटाचं बटण चाचपत राहिले.

“घरगुती काही केलंत का? सांगा. मी ओरडणार आहे, पण सांगा.”

“तूप,” मी म्हणाले. “सासूबाईंनी घातलं. तीन तास बरं वाटलं.”

त्या खरंच ओरडल्या. मग लिहून घेतलं.

त्यांनी टीपकागदासारख्या कागदाच्या दोन अरुंद पट्ट्या काढल्या, टोक दुमडलं आणि खालच्या पापण्यांत अडकवल्या. डोळे मिटा म्हणाल्या आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटं. मी तशी बसून राहिले, दोन्ही गालांवर कागद लोंबत असलेली. पाच मिनिटांनी त्यांनी पट्ट्या काढून मोजपट्टीवर ठेवल्या. कागद जेमतेम नखाएवढा ओला झाला होता. “याच्या तिप्पट-चौपट तरी भिजायला हवा,” त्या म्हणाल्या.

मग डोळ्यांत लाल रंगाचा थेंब घातला. झोंबला. दिव्यासमोर हनुवटी टेकवून त्या बराच वेळ आत बघत राहिल्या.

“जिथे जिथे सुकून खराब झालंय तिथे रंग धरलाय,” त्या म्हणाल्या.

“आमच्याकडेपण असंच असतं,” मी म्हणाले. “ॲम्पुल निळ्या पाण्यात बुडवून काढतात. जिला चीर असेल तिच्यात निळं शिरतं.”

“मग तुम्हाला समजवायला नको. तुमचे डोळे कोरडे आहेत.”

“पण पाणी येतं,” मी म्हणाले. अडीच वर्षं जे मी पहिल्या नंबरावर लिहीत होते ते मी आताही पुढे केलं.

“येणारच. सुकलेल्या जमिनीवर बादली ओतली तर काय होतं? वाहून जातं, मुरत नाही. डोळा सुकला की चुरचुरतो, चुरचुरला की एकदम पाणी सोडतो. ते पाणी कामाचं नसतं. आधी कुणी पट्टी लावून बघितलं नाही?”

“नाही.”

“कधी जायचात दाखवायला?”

“शुक्रवारी. सुट्टी असते.”

“कशा जायचात?”

मी सगळं सांगितलं. उशिरा उठणं, न्हाणं, गुलाबपाण्याचा कापूस, तासभर पडणं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही डोळे बरे करून त्यांना दाखवायला न्यायचात.”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मैत्रीण मात्र हसली आणि मलाही हसू आलं असतं, पण माझ्यात तेवढं त्राण उरलं नव्हतं. मी एवढंच विचारलं, “बरं होईल का?”

“पूर्ण नाही,” त्या म्हणाल्या. “सांभाळावं लागेल. थेंब देते, दिवसातून सहा वेळा, कायमचे. रक्त तपासून घ्या, सांध्यांचं काही आहे का ते बघू. आणि पापण्या मिटायला शिका. लहान मुलाला येतं ते तुम्हाला पुन्हा शिकायला लागेल.”

मी कागद मागितला. त्यांनी छापील कागदावर निदान लिहिलं, खाली सही-शिक्का. मी तो नीट घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. अडीच वर्षं मला हवं होतं ते एवढंच होतं.

परतताना मैत्रिणीने तो वाचायला घेतला. मग म्हणाली, “हा दाखवू नकोस.”

“का?”

“भिंतीवरचा नियम आठव. डोळ्याचा विकार असलेल्याने तपासणीला बसायचं नाही. आता तू निष्काळजी आहेस म्हणून पॅकिंगला जातेयस. चार महिने नीट काम केलंस की साहेब परत आणतील. हा कागद दिलास की कायमची गेलीस. थेंब घाल गुपचूप आणि बस.”

तिचं बरोबर होतं. नियम मीच नव्या मुलींना वाचून दाखवायची, पण ते सगळं माझ्याबाबत असू शकतं असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. घरी मी नवऱ्याला दोन्ही बाजू सांगितल्या. तो म्हणाला, “तुझं तू ठरव. पण काय ठरवलंस ते आईला नीट सांग, नाहीतर ती परत मिरच्या जाळेल.” सासूबाईंना मी सांगितलं की डोळे कोरडे आहेत. त्या म्हणाल्या, “म्हणजे तूप बरा होता.” मी हो म्हणाले.

त्या रात्री मी वहीत दोन रकाने पाडले: कागद द्यावा, कागद देऊ नये. दुसऱ्या रकान्यात सात मुद्दे झाले. पहिल्यात एकच लिहिला: ‘कपची.’ मग वही मिटली.

सोमवारी सुपरवायझरांनी लेखी पत्र देण्याआधी मी माझा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला. “बाई, हे आधी का नाही सांगितलंत?” ते म्हणाले. पत्र त्यांनी फाडलं. निष्काळजीपणाचा शेरा गेला आणि त्याबरोबर पेटीही गेली. पॅकिंगमध्ये चार महिने उभी राहिले. पाचव्या महिन्यात नव्या मुली आल्या तेव्हा त्यांना शिकवायला सुपरवायझरांनी मलाच बोलावलं. शिकवायला पेटीसमोर बसावं लागत नाही. पट्टी मी नेली नाही. प्रत्येक जोडीनंतर डोळे मिटून मनात दोन मोजायचे, असं मी शिकवू लागले. सुपरवायझर म्हणाले, रोज तपासलेल्या ॲम्पुलचा आकडा खाली येईल. मी म्हटलं, येऊ दे.

त्यानंतर मी माझी ती जुनी यादी काढली, वीस वर्षांत तयार केलेल्या मुलींची. बऱ्याचशा लग्न होऊन, नोकरी सोडून कुठे कुठे गेल्या होत्या. नऊ जणी अजून त्याच खोलीत होत्या. मी जेवणाच्या सुट्टीत एकेकीला बाजूला घेऊन विचारलं, “दुपारनंतर डोळ्यांत वाळू जाते का गं?”

पाच जणी नाही म्हणाल्या. तिघी हो म्हणाल्या, त्यात माझी घाटकोपरची मैत्रीण. ती माझ्याकडे न बघता हो म्हणाली. नववी म्हणाली की सकाळी पापण्या चिकटतात, पण ते सगळ्यांनाच होत असेल ना.

मी चौघींची नावं पानावर लिहिली आणि दवाखान्याचा पत्ता प्रत्येकीला वेगळ्या चिठ्ठीवर दिला. बुधवारी जा, म्हटलं. इथूनच जा. घरी जाऊ नका, तोंड धुऊ नका, डोळ्यांत काही घालू नका.

“असं घामट, गबाळं कसं जायचं डॉक्टरकडे?” नववीने विचारलं.

“तसंच जायचं,” मी म्हणाले, आणि थेंब घालायची वेळ झाली होती म्हणून मान मागे टाकली.